तारा उजळतो, क्ष-किरण मावळतात

क्ष-किरण म्हटले की आपल्याला दवाखाना आठवतो. पण आकाशातूनही क्ष-किरण येत असतात. आपले वातावरण ते अडवते, म्हणून ते टिपायला उपग्रह लागतो.

हंस तारकासमूहात 'एसएस सिग्नी' नावाची ताऱ्यांची जोडी आहे. १८९६ साली हार्वर्ड वेधशाळेतील लुइसा वेल्स यांनी ती शोधली. अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे. जोडीतला एक आहे श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार पृथ्वीएवढा, पण वस्तुमान जवळपास सूर्याइतके! तो आपल्या जोडीदाराचा वायू ओढून घेतो. हा वायू सरळ खाली पडत नाही. गरगर फिरत त्याची तबकडी बनते. तबकडीच्या आतल्या कडेला वायूचा वेग सेकंदाला काही हजार किलोमीटर असतो. श्वेतबटूवर टेकताना हा वेग मोडतो, त्याची उष्णता होते, तापमान दहा कोटी अंशांपलीकडे जाते आणि क्ष-किरण बाहेर पडतात.

साधारण सात-आठ आठवड्यांनी तबकडीत साठलेला वायू एकदम आत घसरतो. तारा सुमारे चाळीस पट उजळतो. मग क्ष-किरणही तितकेच वाढत असतील? ऑक्टोबर १९९६ मधल्या उद्रेकात उपग्रहांनी वेगळेच पाहिले. तारा उजळू लागल्यावर साधारण दिवसभराने क्ष-किरण वाढले आणि मग काही तासांतच कोसळले. त्याच वेळी अतिनील किरणे उसळली. कारण असे, की विरळ वायूला उष्णता चटकन बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याचे तापमान चढते. वायू दाट झाला की तीच उष्णता भराभर बाहेर पडते आणि तापमान काही लाख अंशांवर उतरते. एवढ्या तापमानाला क्ष-किरणांऐवजी मुख्यतः अतिनील किरणे निघतात. उद्रेक ओसरला की क्ष-किरण परततात.

पण उद्रेकाचा नेमका दिवस आधी सांगता येत नाही आणि उपग्रह एकाच ताऱ्याकडे महिनोन्‌महिने पाहत बसू शकत नाही. मग पहारा कोणी दिला? अमेरिकेतील रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या संघटनेतील हौशी निरीक्षकांनी. घरच्या दुर्बिणीतून ते या ताऱ्याची तेजस्विता रोज नोंदवत होते. त्यांनी वर्दी दिली, म्हणून उपग्रहांना ही सारी घटना पकडता आली.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात रात्री आठच्या सुमारास, हा तारा आपल्याकडूनही उत्तरेला उंचावर असतो. उद्रेकाच्या दिवसांत, शहराच्या उजेडापासून दूर, तो चांगल्या द्विनेत्रीतूनही दिसू शकतो. नकाशा आणि चिकाटी मात्र हवी.