तपासायचे म्हणजे काय



प्रोग्रॅमिंगवर विद्यार्थ्यांनी लिहून पाठवलेले लेख तपासण्याचे काम मी करतो. बायनरी सर्चमध्ये यादीचा मध्य काढताना पुष्कळजण दोन्ही टोकांचे क्रमांक मिळवून दोनाने भागतात. लहान यादीत हे चालते. पण बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की जावाच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात ती ऋण होते. हीच चूक खुद्द जावाच्या लायब्ररीत होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली ते जाहीरपणे सांगितले.

म्हणून असा लेख मी नाकारत नाही. टोकांमधले अंतर निम्मे करून पहिल्या टोकात मिळवतो, शेजारी कारण लिहितो, नाव लेखकाचेच ठेवतो. लेख नाकारला की मूल सहसा पुन्हा लिहीत नाही. सर, बाई, तुम्ही आमच्या वह्या अशाच तपासल्यात.