विकणार कोणाला?



  मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बरीच वर्षं मनात साठली आहे. आपण गुंतवणूक सल्लागार लोकांना घ्यायला शिकवतो, विकायला शिकवत नाही.

क्रिप्टो ही मालमत्ता की जुगार, यावर सकाळच्या सत्रात बराच वाद झाला. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाची गोष्ट ऐका. त्याच्याकडे एका छोट्या नाण्याचे २०,००० नग होते. पडद्यावर भाव ४२ रुपये, म्हणजे ८ लाख ४० हजार. बहिणीचं लग्न महिन्यावर आलं होतं, म्हणून सगळे विकायचे होते. मी म्हटलं, "ऑर्डर बुक उघड बाळा." त्यात घेणाऱ्यांची रांग अशी होती: ४१.८० ला ६०० नग, ४०.५० ला १,१००, ३८ ला २,०००, ३३ ला ३,५००. त्याखाली उरलेल्या सगळ्या नगांना थेट २४. सगळा माल मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, टाकला असता तर हाती आले असते ५ लाख ६८ हजार. कर वेगळाच. थोडं थोडं विकायला बसलो, तर दुसऱ्याच दिवशी वरच्या दोन बोल्या उठल्या. तो मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला, "काका, मग हे आठ लाख कुणाचे?" माझ्यापुरता सकाळचा वाद तिथेच मिटला. मालमत्ता म्हणा, जुगार म्हणा; घेणारा नसेल तर भाव हा नुसता आकडा आहे.

१९९५ साली मुंबई शेअर बाजारात संगणकावर सौदे सुरू झाले. त्याआधी मी बाजाराच्या रिंगमध्ये, जिथे तोंडी सौदे व्हायचे तिथे, उभा राहत असे. तिथला जॉबर घेण्याचा आणि विकण्याचा, दोन्ही भाव सांगायचा. त्या दोन भावांतल्या पैशापैशावर त्याचं घर चालायचं आणि त्याच्यामुळे बाजार चालायचा. १९९२ चा शेअर घोटाळा बाहेर आला तेव्हा काही शेअरांचे जॉबर गप्प झाले. ती शांतता मी विसरलेलो नाही.

क्रिप्टोतला जॉबर आपण स्वतःच्या हाताने घालवला. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस (मुळातच कापला जाणारा कर) आला. तेच भांडवल शंभर वेळा फिरवणाऱ्याचे निम्म्याहून अधिक पैसे त्यातच अडकतात. त्याआधी एप्रिलपासून नफ्यावर ३० टक्के कर लागला होता, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करायची सोय नव्हती. उलाढाल परदेशी एक्स्चेंजांकडे गेली, इथलं ऑर्डर बुक पातळ झालं. कर घ्यावा, जरूर घ्यावा. पण बाजारातला घेणाराच पळवून लावणारा कर मला मान्य नाही.

परदेशात सुरक्षित आहोत, असंही कोणी समजू नये. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेने चिनी मालावर जादा आयातशुल्क जाहीर केलं आणि एका दिवसात १,९०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे उसनवारीवरचे सौदे सक्तीने कापले गेले. काही एक्स्चेंजांनी मंदीवाल्यांचे नफ्यातले सौदेही कापले, कारण बुडालेला माल घ्यायला समोर कोणी उरलं नव्हतं. आपल्याला कापायचा तो सौदा कापता येत नाही आणि ठेवायचा तो दुसराच कापतो, अशा बाजारात आपण लोकांची पोरं पाठवतो आहोत.

सौद्यातून बाहेर कसं पडावं, यावर मराठीत एक पुस्तिका आपण काढली पाहिजे. टीडीएसबद्दल अर्थमंत्रालयाला निवेदनही द्यायला हवं. तपशील आपली कार्यकारिणी ठरवील. पण एक काम उद्यापासून करता येईल. समोर बसलेला माणूस "काय घेऊ?" असं विचारील, तेव्हा उत्तर देण्याआधी त्याला ऑर्डर बुक उघडायला लावा आणि विचारा, "विकणार कोणाला?"