थोड्या मुदतीचा पैसा



सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास हातात येतात आणि बी-खतासाठी लागतात ते जूनमध्ये. नोकरदारांच्या घरी दिवाळीला बोनस येतो, मुलांची फी जूनमध्ये भरायची असते. मधले सहा-सात महिने हा पैसा बहुतेक घरांत बचत खात्यात नुसता पडून असतो. आज मी फक्त त्याच पैशाविषयी बोलणार आहे. निवृत्तीच्या पैशाचे गणित निराळे.

या पैशासाठी लिक्विड फंड या प्रकारचा म्युच्युअल फंड ही चांगली जागा आहे, असे माझे ठाम मत आहे. सेबीच्या नियमानुसार हा फंड जास्तीत जास्त ९१ दिवसांत मुदत संपणाऱ्या रोख्यांतच पैसे गुंतवतो. त्यात सरकारची ट्रेझरी बिले असतात, बँकांची सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट असतात आणि कंपन्यांचे कमर्शियल पेपर असतात. मुदत छोटी, त्यामुळे व्याजदर वरखाली झाले तरी फंडाला फारसा धक्का बसत नाही. धोका उरतो तो कर्ज घेणारा पैसे परत करेल की नाही याचा.

आणि तो धोका कागदावरचा नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचे नाव लावणारी कागद कंपनी तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये तिच्या कमर्शियल पेपरचे पतमानांकन कोसळले आणि तो पेपर बाळगणारा टॉरस लिक्विड फंड एका दिवसात सुमारे ७ टक्के खाली आला. म्हणजे दोन लाखांवर १४,००० रुपये गेले. पुढच्याच वर्षी आयएल अँड एफएस या वित्तकंपनीने हप्ते चुकवले, तेव्हाही काही लिक्विड फंडांना झळ बसली. त्यानंतर सेबीने नियम कडक केले. आता फंडाला किमान २० टक्के रक्कम रोख, सरकारी रोखे अशा चटकन मोकळ्या होणाऱ्या रूपात ठेवावी लागते.

आता दुसरी बाजू पाहा. दोन लाख रुपये सहा महिने ठेवले आणि एका फंडाने दुसऱ्यापेक्षा वर्षाला अर्धा टक्का जास्त दराने परतावा दिला, तर तुम्हाला जास्तीचे मिळतात ५०० रुपये. या ५०० रुपयांसाठी १४,००० रुपयांचा धोका पत्करू नका, एवढे मी कळकळीने सांगतो. परताव्याच्या रकान्याआधी फंडाची फॅक्टशीट उघडा. त्यात कुणाकुणाचे रोखे आहेत, ही यादी दर महिन्याला छापलेली असते. ट्रेझरी बिले आणि मोठ्या बँकांची नावे भरपूर दिसली, तर निर्धास्त पुढे जा. ओळखीचे नसलेले एखादे नाव मोठ्या टक्केवारीने दिसले, तर दुसरा फंड पाहा. घ्यायचा तो डायरेक्ट प्लॅन. त्यात मध्यस्थाचे कमिशन नसते.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, फंडाला तो नाही. म्हणून दवाखान्यासाठीचा पैसा मात्र बँकेतच असू द्या. करातही खास सवलत नाही. नफा उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो.

पैसे काढताना दोन गोष्टी पाहा. पहिल्या सहा दिवसांत काढले तर अगदी किरकोळ आकार कापला जातो, सातव्या दिवसापासून काही नाही. आणि विक्रीची सूचना दुपारी तीनच्या आत दिली, तर पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. काही फंड ५० हजारांपर्यंतची रक्कम त्याच दिवशी लगेच देतात. पण फीची शेवटची तारीख सोमवारी असेल, तर सूचना गुरुवारीच द्या.