महावीराचार्यांची अंकमाला
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पूर्वाचार्यांच्या ज्ञानभांडारातील एकच संख्या मी आपणापुढे ठेवणार आहे. ती संख्या आहे १२३४५६५४३२१.

नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळी दिगंबर परंपरेतील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांच्या इंग्रजी अनुवादासह तो मद्रासला प्रसिद्ध झाला. पुढे १९६३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातील सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने हिंदी अनुवादासह तो प्रकाशित केला. लौकिक व्यवहार असो वा धर्मकार्य, गणितावाचून काहीच चालत नाही, असे आचार्य ग्रंथारंभी सांगतात.

या ग्रंथात २७९९४६८१ व ४४१ यांचा गुणाकार आहे. त्याचे उत्तर हीच संख्या. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी व त्याच क्रमाने उतरणारी ही माला डावीकडून वाचावी वा उजवीकडून, सारखीच.

यात चमत्कार नाही. ४४१ हा २१ चा वर्ग, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ व ५२९१ यांचा गुणाकार होतो १११११११ नव्हे, बरोबर सहा एकांचा, म्हणजे १११११‍१. अर्थात आपली संख्या ही सहा एकांच्या संख्येचा वर्ग होय. पाटीवर हा गुणाकार मांडला की एकांच्या सहा ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उभ्या बेरजा येतात एक, दोन, तीन, चार, पाच, सहा आणि पुन्हा उतरत एक.

नऊ एकांपर्यंत ही माला अभंग राहते. दहा एकांचा वर्ग करताच मधल्या घरात बेरीज दहा होते, हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येऊन माला तुटते. हातच्याचा हा प्रताप आम्हा व्यापाऱ्यांना वेगळा सांगावयास नको!

नियम का चालतो आणि कोठवर चालतो, ही दोन्ही उत्तरे मिळाली म्हणजेच तो कळला. पाठशाळेतील बालकांनी सूत्रे मुखोद्गत करावीत, हे योग्यच. परंतु ‘असे का?’ या त्यांच्या प्रश्नाला ‘ग्रंथात लिहिले आहे म्हणून’ एवढेच उत्तर मिळाले, तर प्रश्न विचारण्याची वृत्तीच लोपेल. श्रद्धेला ज्ञानाची जोड हवी, ही तर रत्नत्रयाचीच शिकवण.

म्हणून माझी नम्र विनंती आहे, की या ग्रंथाची एक प्रत संस्थेच्या ग्रंथालयात असावी व त्यातील एक उदाहरण दर आठवड्यास पाठशाळेत मुलांकडून पाटीवर सोडवून घ्यावे. पन्नास वर्षांच्या या वास्तूला तो खरा अलंकार ठरेल.

जय जिनेंद्र.