बंद दुकान आणि बंद दवाखाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांनी देश बंद झाला. धान्य, दूध, भाजी, औषधे यांना अत्यावश्यक म्हणून सूट मिळाली. दारूची दुकाने बंद झाली. या शेवटच्या गोष्टीबद्दल समाजवादी कार्यकर्त्याने अश्रू ढाळावेत असे काही नाही. पण त्याच रात्री आणखी एक दार बंद झाले आणि त्याची फारशी वाच्यता झाली नाही. मनोविकार व व्यसन यांवर उपचार करणाऱ्या सेवेचे ते दार होते. रुग्णालये कागदोपत्री उघडी होती हे खरे; परंतु एस.टी. बंद, लोकल बंद, बाह्यरुग्ण विभाग अनेक ठिकाणी बंद, आणि मनोविकार विभागाचे डॉक्टर व खाटा साथीच्या कामाकडे वळविलेल्या, अशी स्थिती होती.

दुकान बंद करणे हा हुकुमाचा विषय आहे. शरीराची सवय बंद करणे हा नाही. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एका रात्रीत तुटली की हातपाय थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. त्यानंतरच्या दोन दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेले दिसू लागते. उपचार न झाल्यास यातून मृत्यू ओढवू शकतो. उपचार मात्र दुर्मीळ नाही, महागही नाही: डायझेपामच्या जातीचे औषध, थायमिन हे जीवनसत्त्व, आणि काही दिवस कोणाची तरी देखरेख.

केरळात या प्रश्नाने लगेच तोंड वर काढले. पहिल्या आठवड्यातच दारू न मिळाल्यामुळे झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. तेव्हा ३० मार्च रोजी तेथील सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. सरकारी डॉक्टरांनी विरोध केला. दारू हे दारूच्या विकारावरील औषध नव्हे, ही त्यांची भूमिका वैद्यकदृष्ट्या योग्यच होती. २ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. प्रश्न असा की, आरोग्यव्यवस्थेसाठी नावाजलेल्या राज्यालाही घाईघाईने चिठ्ठीवर बाटली द्यावीशी का वाटली? कारण ज्यांना उपचार लागणार होते त्यांची संख्या आणि उपचार देणारी यंत्रणा यांचा मेळ तेथेही बसत नव्हता.

इतरत्र तर चिठ्ठीही नव्हती. जुलै २०२० च्या अखेरीस आंध्रातील प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडू येथे सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणी येथे तेच घडले. ही माणसे जंतूंपासून रक्षण करणाऱ्या द्रव्यानेच मेली. साथीच्या बळींच्या आकड्यात त्यांची गणना नाही.

आता या चित्राची आर्थिक बाजू पाहा. ४ मे २०२० रोजी दुकाने पुन्हा उघडू लागली आणि रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशी दिल्ली सरकारने दारूवर ७० टक्के विशेष करोना शुल्क बसविले. महाराष्ट्रात त्याच महिन्यात दारू घरपोच पोहोचविण्यास परवानगी मिळाली. हे अकस्मात घडलेले नाही. मानवी सेवनाची दारू वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे; राज्यांच्या हाती जे मोजके कर उरले आहेत त्यांत अबकारी उत्पन्नाचे स्थान म्हणूनच मोठे आहे. म्हणजे सुमारे चाळीस दिवसांत राज्यकर्त्यांना एक गोष्ट उमगली, ती ही की, दारूचे दुकान तिजोरीसाठी अत्यावश्यक आहे. पिणाऱ्याचा उपचार अत्यावश्यक आहे, हे मात्र उमगले नाही. बाटली घरपोच पोहोचविता येत होती, तर औषध पोहोचविणे अशक्य होते, असे म्हणता येणार नाही.

हा दोष केवळ साथीचा नव्हे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूमुळे अपाय होणाऱ्या वा तिच्या पूर्ण आहारी गेलेल्या भारतीयांची संख्या त्यात सुमारे ५ कोटी ७० लाख दिली आहे. आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो, असे नोंदविले आहे. जी सेवा साध्या दिवसांत ३८ पैकी ३७ जणांपर्यंत पोहोचत नाही, ती संकटात कोसळली यात नवल ते काय? आपत्ती दुबळेपणा उघड्यावर आणते. तो आधीपासून पोसलेला असतो.

जगाचा अनुभवही असाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या जून ते ऑगस्टमध्ये १३० देशांची पाहणी केली. त्यांपैकी ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्य व व्यसनविषयक सेवांपैकी एक वा अनेक सेवा खंडित झाल्या होत्या. ८९ टक्के देशांनी साथीच्या राष्ट्रीय योजनेत मानसिक आधाराचा समावेश केल्याचे सांगितले. परंतु त्यासाठी लागणारा पूर्ण वाढीव निधी केवळ १७ टक्के देशांकडे होता. योजनेत नाव आणि अंदाजपत्रकात शून्य, ही तऱ्हा आपल्याही परिचयाची आहे.

तथापि केवळ निराश होण्याचे कारण नाही. पंजाबात अफू व हेरॉइनच्या व्यसनींना बुप्रेनॉर्फिन हे औषध देणारी बाह्यरुग्ण केंद्रे आधीच उभी राहिली होती. तेथे रुग्णाने रोज येऊन औषध घ्यावे असा नियम होता. टाळेबंदीत तो शिथिल करून एकदम अनेक दिवसांचे औषध घरी नेण्यास मुभा दिली गेली. अमेरिकेनेही मेथाडोनच्या बाबतीत, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांसाठी, २८ दिवसांपर्यंत अशी सवलत दिली आणि २०२४ साली ती नियमांत कायम केली. केरळात विलगीकरणातील माणसांना दूरध्वनी करून धीर देण्याचे मोठे काम झाले. ते शक्य झाले, कारण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथके तेथील चौदाही जिल्ह्यांत आधीच होती. धडा स्पष्ट आहे. जे शांततेच्या काळात उभे असते, तेच संकटात वाकून टिकते. जे नसतेच, ते परिपत्रक काढून जन्माला येत नाही.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, आता १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मग आणखी काय हवे? ही सेवा स्वागतार्हच आहे. पण फिट आलेल्या माणसाला दूरध्वनीतून औषध टोचता येत नाही. आणि ज्या घरात एकच मोबाइल आहे व तो नवऱ्याच्या खिशात आहे, तेथे मार खाणारी स्त्री कोणाला फोन करणार?

दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो. सक्तीने का होईना, दारूबंदी झाली, हे इष्टच नव्हे काय? गावोगावी दारूचे गुत्ते बंद पाडणाऱ्या स्त्रियांचा संघर्ष ज्याने जवळून पाहिला, त्याला ही भावना समजते. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदातही दारूबंदीचे ध्येय आहेच. परंतु त्याच अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. दुकान बंद करणे हे अर्धे काम झाले. पिणाऱ्याला सावरणे हे उरलेले अर्धे. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले ते व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, या जाणिवेनेच. मात्र अशा संस्थांच्या पुण्याईवर राज्याने आपली जबाबदारी ढकलून मोकळे व्हावे, हे मान्य करता येणार नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणारे मनोविकारही त्याच्या व्याख्येत येतात. साथ आली म्हणून हा हक्क निलंबित होत नाही. तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यातील अत्यावश्यक सेवांत मनोविकार व व्यसनोपचार यांची नावे स्पष्ट लिहावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दारू तुटण्याच्या त्रासावरील औषधांचा साठा असावा आणि तेथील डॉक्टर व परिचारिकांना प्रशिक्षण मिळावे. मनोविकार विभागाच्या सर्व खाटा कोणत्याही साथीत काढून घेऊ नयेत. स्थिर रुग्णास अनेक दिवसांचे औषध घरी देण्याचा नियम आधीच करून ठेवावा. आणि अबकारी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा या उपचारासाठी कायद्याने राखून ठेवावा. ज्यांच्या घशातून ते उत्पन्न येते, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.

यासाठी मुंबईकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात जावे, औषधसाठ्याची नोंदवही पाहू द्यावी अशी मागणी करावी, जिल्ह्याचा आपत्ती आराखडा मागवावा आणि वरीलपैकी काय आहे, काय नाही, याचा तक्ता तयार करून तो ग्रामसभेपुढे ठेवावा. पुढची साथ तारीख कळवून येणार नाही. हे काम ती नसताना करावयाचे आहे.