पट काढल्यानंतर काय?



आज मला अशा विषयावर बोलायचं आहे, ज्याकडे आपल्या तालमी अजून काणाडोळा करतात. आपली पोरं रात्री मोबाइलवर मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) लढती बघतात आणि सकाळी विचारतात, ‘वस्ताद, आपली कुस्ती तिथं चालेल का?’

चालते, आणि माझ्या मते इतर कुठल्याही विद्येपेक्षा जास्त चालते. कारण लढत उभ्यानं होणार की जमिनीवर, हे कुस्तीगीर ठरवतो. ज्याला पटाचा, म्हणजे पाय धरून पाडण्याच्या डावाचा, बचाव येत नाही, त्याच्या लाथा-ठोशांना पल्लाच मिळत नाही.

6 ऑक्टोबर 2018 ची लास वेगासची लढत आठवा. दागेस्तानच्या खबीब नुरमागोमेदोवनं पहिल्याच फेरीत कॉनर मॅकग्रेगरचा पाय धरला, त्याला खाली घेतलं आणि पिंजऱ्याच्या जाळीला रेटून दाबून ठेवलं. दुसऱ्या फेरीत मात्र खबीबनं उजव्या हाताचा ठोसा मारून मॅकग्रेगरला खाली पाडलं. ठोशांसाठी जगभर गाजलेला माणूस एका कुस्तीगिराच्या ठोशानं पडला! मला यात पटाची धास्ती दिसते. पाय सांभाळायचे की तोंड, या पेचात सापडलेला माणूस दोन्हीकडे उशिरा पोचतो. चौथ्या फेरीत मान आवळली गेली आणि मॅकग्रेगर शरण आला. खबीब 29 लढती लढला, एकही हरला नाही.

आता दुसरी बाजू, आणि वस्तादांनी ती नीट ऐकावी.

डिसेंबर 1994 मध्ये टल्सा इथं डॅन सेव्हर्न हा कसलेला अमेरिकी कुस्तीगीर रॉयस ग्रेसीवर 15 मिनिटांहून अधिक काळ वर बसून होता. ग्रेसी वजनानं कितीतरी हलका, पाठ जमिनीला टेकलेली. आपल्या मैदानात केव्हाच निकाल लागला असता. तिथं मात्र ग्रेसीनं खालूनच पायांच्या कैचीत गळा आवळला आणि सेव्हर्न हरला. 1992 च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेला मार्क कोलमन पुढं यूएफसी या एमएमए स्पर्धेचा पहिला हेवीवेट विजेता झाला. जुलै 1997 मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथसमोर तो 21 मिनिटं झुंजला आणि गुणांवर हरला. पाडण्यात तो कमी नव्हता. त्याचा दम संपला आणि स्मिथनं जमिनीवर टिकून राहण्याची विद्या शिकून घेतली होती.

आपल्या तालमीतल्या सवयीही तिथं अशाच अपुऱ्या पडतात. चीत होऊ नये म्हणून खालचा पैलवान पालथा पडतो, माती धरून राहतो. वर्षानुवर्षं घोटलेली ही सवय त्या पिंजऱ्यात घातक ठरते, कारण पाठीवर चढलेला प्रतिस्पर्धी सरळ गळ्यात हात घालतो. पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला राहिलं, तर मान त्याच्या काखेत जाते. यूएफसीत उतरलेल्या आपल्या भरत खंडारेची मान 2017 मध्ये शांघायला पहिल्याच फेरीत आवळली गेली. हरियाणाची रितू फोगाट कुस्तीच्या जोरावर 2021 मध्ये सिंगापूरच्या मोठ्या अंतिम लढतीपर्यंत गेली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स होती, लाथा-ठोशांत वाढलेली. तिनं रितूला जमिनीवरच, कोपर उलटं ताणून, शरण यायला लावलं. या पोरांचं धाडस मोठं आहे. त्यांची हार आपण शिकवणीतली उणीव म्हणून अभ्यासली पाहिजे.

‘माती सोडून पैशाच्या मागं लागला’ असं तिकडं जाणाऱ्या पोराला म्हणणं मला पटत नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारे खाशाबा जाधवही मॅटवरच लढले होते, म्हणून त्यांचं मातीशी नातं तुटलं नाही.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. एमएमएकडं वळणाऱ्या पोराला तालमीतून हाकलू नका आणि अर्धवट शिकवून पिंजऱ्यात ढकलूही नका. त्याचे जोर-बैठका, त्याचा पट, त्याचा दम तुमच्याकडंच घडू द्या. त्याच्या जोडीला जमिनीवरचे आवळे आणि त्यांचे बचाव शिकवणारा जाणकार तालमीत बोलवा आणि निदान वर्षभर ते घोटून घेतल्याशिवाय कुठल्याही लढतीच्या करारावर त्याला सही करू देऊ नका.