दुसरा बाण काढता येतो



आम्ही गिरणी कामगार. डॉक्टरकी आम्हाला कळत नाही. पण वस्तीतल्या कॅन्सरच्या पेशंटांबरोबर परळला पुष्कळ फेऱ्या मारल्या. रिपोर्टच्या आदल्या रात्री माणूस झोपत नाही. रोगाआधी धास्तीच त्याला खाते.

तथागतांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराच्या दुखण्याचा, दुसरा त्यावरून मन जो आक्रोश करते त्याचा. पहिल्यासाठी डॉक्टर, दुसऱ्यासाठी सति, म्हणजे जागृती. श्वास आला, श्वास गेला, एवढंच जाणायचं. 'उद्या काय होईल?' हा विचार आला, तर आला म्हणून ओळखायचं आणि पुन्हा श्वासावर यायचं. रांगेत एका मावशींच्या छातीत धडधडू लागलं, तेव्हा आम्ही दोघांनी दहा मिनिटं हेच केलं. आजार तसाच होता, पण मावशी सावरल्या.

विज्ञानही आता हेच सांगते. २००० साली कॅनडातील कॅल्गरीच्या ९० कॅन्सरग्रस्तांच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सात आठवडे साधना करणाऱ्यांची चिंता, चीड, उदासी बाकीच्यांपेक्षा कमी आढळली.

पण बांधवांनो, ध्यानाने गाठ विरघळत नाही! तसे सांगणारा बुवाच समजा. केमो चुकवू नका. आणि पेशंटला एकटं सोडू नका. घरातल्या एकाने रोज त्याच्याशेजारी श्वास पाहत बसावं. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात प्रज्ञा आहे, तशी करुणाही आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!